स्की विकत घेताय? कोकणातून बर्फाकडे जाणाऱ्यांनी या चुका टाळा

रत्नागिरी, चिपळूण, मालवणकडची मंडळी आता हौसेने गुलमर्ग-औलीला जातात. एकदा शिकून आलं की स्वतःची स्की असावी असं वाटू लागतं आणि मग ‘सगळीकडे चालेल अशी एकच जोडी’ म्हणून ऑल-माउंटन स्कीचा शोध सुरू होतो. शोध बरोबरच आहे. फक्त ही जोडी वर्षातले दोन-तीन आठवडे बर्फावर आणि बाकीचं वर्ष खाऱ्या, दमट हवेत काढणार, हे खरेदी करताना कुणाच्या लक्षात राहत नाही.

व्हिडिओ बघून रुंदी ठरवणे

सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. गुलमर्गचे व्हिडिओ बहुतेक अफरवट शिखरावरचे असतात. तिथल्या गोंडोलाचा (रोपवेचा) दुसरा टप्पा जवळपास ३,९०० मीटरच्या वर सोडतो. तिथला उतार यंत्राने दाबलेला नसतो आणि बर्फ गुडघाभर भुसभुशीत असतो. तो बघून लोक पायाखाली ११० मिमी रुंद असलेली स्की मागवतात. प्रत्यक्षात त्यांचे दिवस जातात खालच्या सोप्या उतारांवर, फार तर पहिल्या टप्प्यावर कोंगडूरीला.

आरे-वारेच्या कोरड्या वाळूत पाय रुततो आणि ओल्या, टणक वाळूवर पावलाची कड लागते, तसंच इथे आहे. भुसभुशीत बर्फावर तरंगायला रुंदी लागते. सकाळच्या कडक बर्फावर मात्र स्की एका कडेवरून दुसऱ्या कडेवर पटकन झुकायला हवी. रुंद स्की तिथे आळशीपणा करते आणि गुडघ्याला त्रास देते.

स्कीवर १३०-९०-११२ असे तीन आकडे छापलेले असतात: पुढचं टोक, मधला भाग, मागचं टोक. तुम्ही बघायचा तो मधला. माझं मत स्पष्ट आहे: आपल्याकडच्या बहुतेकांना ८५ ते ९५ पुरे. दुसऱ्या टप्प्यावर नियमित जाणाऱ्याने १०० च्या आसपासचा विचार करावा, पण त्याने आधी हिमस्खलनाचं प्रशिक्षण घ्यावं आणि ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा ठावठिकाणा दाखवणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं यांवर खर्च करावा. आकड्यांजवळच वळणाची त्रिज्याही लिहिलेली असते. १५ ते १८ मीटर असेल तर डोळे मिटून चालेल.

फक्त उंचीवरून लांबी घेणे

उभी धरलेली स्की हनुवटी ते कपाळ यांच्या दरम्यान यावी, हा अंदाज सुरुवातीला ठीक आहे. पण स्कीला तुमचं वजन कळतं, उंची नाही. बारीक अंगाच्या उंच माणसाने थोडी आखूड घ्यावी. आणखी एक गोष्ट म्हणजे, ‘एक्स्पर्ट’ शिक्का आणि आत धातूचे दोन पत्रे असलेली कडक स्की सवलतीत मिळाली तरी सोडून द्या. ती वाकवायला लागणारा वेग आणि जोर नवख्या पायांत नसतो.

बूट सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशात

क्रम उलटा हवा. बूट आधी, स्की नंतर. स्की भाड्यानेही मिळते, पण चावणारा बूट दुपारीच खोलीवर परत पाठवतो. बुटाचं माप पावलाच्या लांबीवर, सेंटिमीटरमध्ये असतं. आतला मऊ लायनर काढा, नुसत्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा. टाचेमागे दीड-दोन सेंटिमीटर जागा राहिली तर माप बरोबर. बारा महिने चपलेत वावरणारं पाऊल पुढून पसरट असतं, तेव्हा रुंद साच्याचा बूट मागा. मोजा एकच, पातळ. दोन मोजे घालून थंडी कमी होत नाही, उलट रक्त अडतं.

बुटाचा तळ आणि बाइंडिंग (बूट स्कीवर पकडून ठेवणारी आणि पडताना सोडणारी पकड) एकमेकांना चालतात का, हे दुकानातच विचारा. ग्रिपवॉक, म्हणजे चालायला सोपा केलेला तळ, प्रत्येक जुन्या बाइंडिंगमध्ये चालत नाही. बूट किती जोराला सुटावा हा आकडा वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळाची लांबी यांवरून तंत्रज्ञच ठरवतो. पन्नास-पंचावन्न किलोच्या नवशिक्याचा आकडा ४ च्या खाली येऊ शकतो, तेव्हा ४ पासून सुरू होणारं बाइंडिंग त्याच्या कामाचं नाही.

जुनी जोडी फोटोवरून घेणे

दोन्ही स्कींचे तळ एकमेकांना लावून बाजूने बघा. मध्ये बारीक फट दिसायला हवी आणि टोकं दोन्हीकडे सारखी उघडायला हवीत. एकच पिळलेली दिसली तर सौदा तिथेच थांबवा. लोखंडी कडेवर नख फिरवून चीर शोधा. बाइंडिंगच्या स्क्रूची जुनी भोकं मोजा.

पावसाळा विसरणे

घरी आल्या आल्या बॅग माळ्यावर टाकली की संपलं. ओल्या बॅगेतल्या स्कीच्या कडा चार दिवसांत तांबूस होतात, बोट फिरवलं की रंग लागतो. पत्र्याखालचा माळा मे महिन्यात भट्टी होतो, तोही नको. गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसा, पंख्याखाली पूर्ण वाळवा, मग तळावर आणि कडांवर गरम वॅक्सचा जाड थर द्या. तो खरवडायचा नाही, डिसेंबरपर्यंत तसाच ठेवायचा. कपड्यांची इस्त्री वापरू नका, तिचं तापमान वरखाली होतं. वॅक्समधून धूर निघाला तर तळ भाजतोय असं समजा. स्की आतल्या खोलीत, भिंतीपासून थोडी सुटी ठेवा आणि गणपतीच्या साफसफाईत एकदा बाहेर काढून बघा. वरवरचा गंज रबरी गंजखोडाने निघतो. खड्डे पडले असतील तर मात्र कड नव्याने घासून घ्यावी लागेल, आणि ते काम गुलमर्गला पोचल्यावर पहिल्याच दिवशी करून घ्या.