जुन्या ओळखीची मातेउश रोझे पुन्हा आणताना

सत्तरच्या दशकात विलायतेत राहून आलेल्यांच्या घरी चपटी, गोलसर, चंबूसारखी हिरवी बाटली हमखास दिसायची. वाइन संपली तरी बाटली टाकायची नाही, तिच्या तोंडात मेणबत्ती खोचायची किंवा तिचा टेबललॅम्प करायचा! ती पोर्तुगालची मातेउश रोझे, रोझे म्हणजे गुलाबी वाइन. 1942 साली सुरू झालेली ही वाइन आजही बनते आणि अजूनही स्वस्तातच गणली जाते. नाव आठवत नसेल तर दुकानदाराला आकार सांगा, आणि लेबलवर एका जुन्या वाड्याचं चित्र आहे का ते बघा.

मात्र कुणाच्या शोकेसमध्ये जपून ठेवलेली जुनी भरलेली बाटली मिळाली तर हुरळून जाऊ नका. अशी हलकी रोझे मुरवायची नसते. ती ताजीच प्यायची. वर्षं गेली की गुलाबी रंग विटकरी होतो आणि बारीक बुडबुड्यांची जिभेवरची ती चुरचुर निघून जाते. दुकानातही उन्हात, काचेत मांडलेली बाटली न घेता आतली मागा.

आणल्यावर तीनेक तास फ्रिजमध्ये ठेवा. कोमट प्यायलात तर नुसतं गोडसर पाणी वाटेल, आणि दोष बिचाऱ्या आठवणीला द्याल. सोबत बांगड्याचं तिखलं असलं तर उत्तम. तिखटावर हा किंचित गोडवा चांगला उतरतो, महागड्या रेड वाइनला ते जमत नाही. उघडलेली बाटली घट्ट बंद करून फ्रिजमध्येच, आणि दुसऱ्या दिवशी संपवायची.