गुडघा दुखतोय? आधी खुबा बघा

मी फिजिओथेरपिस्ट. साताऱ्याच्या आसपास घरोघरी जाऊन व्यायाम शिकवते. "मॅडम, गुडघा झिजलाय, ऑपरेशन सांगितलंय," असं कुणी म्हटलं की मी आधी त्यांना उताणं झोपवते, गुडघा दुमडून पाय आत-बाहेर फिरवते. जांघेत कळ आली, पाय वळेनासा झाला, तर दुखणं बहुतेक खुब्याचं. ही कळ मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरते आणि एक्स-रे निघत राहतात गुडघ्याचे. पायाची नखं कापताना अडचण होणं हीसुद्धा खुब्याचीच खूण.

तिशी-चाळिशीतला माणूस जांघ धरून लंगडत असेल, त्यातून दारू किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या बराच काळ चालू असतील, तर व्यायामात वेळ घालवू नका. खुब्याच्या बॉलचा, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाचा, रक्तपुरवठा खंडित झालेला असू शकतो. सुरुवातीला एक्स-रे साफ येतो, एमआरआयमध्ये मात्र सापडतं. बॉल चपटा व्हायच्या आत कळलं, तर तो वाचवायचा प्रयत्न करता येतो.

दुखणं गुडघ्याचंच निघालं, तर एक्स-रे उभ्याने काढून घ्या. झोपून काढलेल्यात झीज कमी दिसते.

मग व्यायाम. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवा, पंजा स्वतःकडे ओढा, गुडघ्याने टॉवेल खाली दाबा. मनात सावकाश पाच आकडे मोजून सोडा. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. वाटीच्या वर, मांडीच्या आतल्या बाजूला बोट ठेवून बघा. तिथला स्नायू टणक लागला नाही तर नुसतीच हालचाल होतेय. श्वास कोंडू नका, बीपीवाल्यांनी तर मुळीच नाही. फरक पडायला सहा-आठ आठवडे लागतात, आणि नेमकं तिसऱ्या आठवड्यात लोक सोडून देतात!

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. सगळे उलटीच धरतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. मांडी घालणं, उकिडवं बसणं कमी करा, कमोड बसवून घ्या. एक किलो वजन उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो.

मेडिकलमधून परस्पर पेनकिलर आणून महिनोन्‌महिने खाऊ नका, किडनीवर बेतू शकतं. गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं तर काही आठवडे बरं वाटतं, पण मधुमेह असेल तर काही दिवस साखर चढते.

एवढं करूनही रात्रीची झोप मोडत असेल, घरातल्या घरात फिरणं अवघड झालं असेल, तर सांधा बदलायला घाबरू नका. 2017 पासून गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीला सरकारने कमाल मर्यादा घातली आहे; बिलात ती किंमत वेगळी दाखवायला सांगा.

सांधा लालबुंद, गरम होऊन ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि म्हातारं माणूस पडल्यावर पाय आखूड, बाहेर वळलेला दिसला, तर तेल चोळू नका, हाडवैद्याला बोलावू नका, उभं करू नका. तसंच आडवं उचलून हाडाच्या डॉक्टरांकडे न्या.