माणसाचा दोर, लाकडाचा दोर

वळवाचा पहिला तडाखा बसला की माझा फोन थांबत नाही. कुणाच्या पत्र्यावर गुलमोहराची फांदी आडवी झालेली असते, कुणाच्या विहिरीवर निलगिरी कललेली असते. सांगली, मिरज, हरिपूर, लांबची ओळख निघाली तर तासगावपर्यंत, गेली बावीस वर्षं मी झाडावर चढून फांद्या उतरवतो. माझे वडील हरिपूर रोडच्या चिंचा झोडपायला चढायचे. अनवाणी, खांद्यावर एक कासरा. तो कासरा पोती खाली सोडायला असायचा, त्यांच्यासाठी काहीच नसायचं. आता या धंद्यात नवी पोरं येतात आणि सगळ्यात आधी चेनसॉ, म्हणजे साखळीची मशीन करवत, घेतात. त्यांना मी कळकळीनं सांगतो, मशीन नंतर घ्या. आधी दोर, हार्नेस म्हणजे अंगाला बांधायचे पट्टे, आणि हेल्मेट. मशीन भाड्यानं मिळतं. दोर कुणाचाही उसना घ्यायचा नाही, कारण मागच्या माणसानं तो कशाला वापरला हे आपल्याला कधीच कळत नाही.

मला हे कळलं ते विश्रामबागेतल्या एका गुलमोहरावर. तेव्हा मी किलोवर मिळणारा पिवळा प्लॅस्टिकचा दोर वापरायचो. सकाळी तो कमरेला बांधून शेंड्यापर्यंत गेलो. दुपारी तोच दोर बेचक्यातून टाकून फांद्या खाली सोडायला लागलो. खालचा गडी भरभर ढील देत होता. तीन फांद्या नीट उतरल्या, चौथीला दोर तुटला आणि फांदी कंपाउंडच्या भिंतीवर गेली. खाली कुणी नव्हतं. उतरून मी ते तुटलेलं टोक हातात घेतलं. पीळ एकमेकांना चिकटून कडक झाले होते, जाळावर धरलेल्या प्लॅस्टिकच्या बांगडीसारखे, आणि वर चकचकीत पापुद्रा. त्या टोकापासून मागं दोन-तीन हात तसाच चकचकीत पट्टा होता. सकाळी त्याच दोराला मी लटकलो होतो.

तो दोर पॉलिप्रॉपिलीनचा. हे प्लॅस्टिक साधारण १६५ अंशाला वितळतं. वजन घेऊन सालीवर जोरात घासलं की तेवढी उष्णता सहज तयार होते. नायलॉन २२० च्या आसपास आणि पॉलिस्टर २५० च्या वर टिकतं. शिवाय पॉलिप्रॉपिलीन उन्हानं पिठूळ होतं. छपरावर वर्षभर पडलेला दोर चोळून बघा, बोटाला भुसा लागतो. म्हणून माझ्या गाडीत तेव्हापासून दोन पिशव्या असतात. एकीत माणसाचा दोर, दुसरीत लाकडाचा. माणसाच्या दोरानं कधी एक डहाळीही बांधायची नाही आणि लाकडाच्या दोरावर कधी पाय उचलायचा नाही. माझा पांढरा दोर लाल रेघेचा आहे, लाकडाचा जाड हिरवा आहे. संध्याकाळी थकल्यावरही चूक होऊ नये म्हणून रंग वेगळे घेतले.

आता माणसाचा दोर घेताना काय बघायचं. हा दोर पिळाचा नसतो. आत सुतांचा गाभा आणि वर विणलेलं कव्हर असतं. जाडी ११ ते १३ मिलिमीटर घ्या. त्याहून बारीक दोर हाताला धरवत नाही आणि गाठही नीट पकडत नाही. मानक बघायचं ते युरोपचं ईएन १८९१, त्यातला टाइप ए. या दोराची ताकद किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे सव्वादोन टनाच्या घरात असते. माणूस ऐंशी किलोचा असताना एवढं कशाला, असं गिऱ्हाईकसुद्धा विचारतं. गाठ मारली की ताकद तिसऱ्या हिश्शानं किंवा त्याहून जास्त घटते, वळणावर घटते, ओल्या नायलॉनची घटते, जुनेपणानं घटते. झटका बसला तर ऐंशी किलोचे काही पटीत होतात. खरा दोर ओळखायची एक खूण आहे. कापलेल्या टोकाशी गाभा उकलून बघा. आत एक बारीक फीत असते, तिच्यावर कंपनीचं नाव, मानक आणि वर्ष छापलेलं असतं, आणि ती दोरभर चालू असते. फीत नसली तर दुकानदार काहीही म्हणो, तो दोर माणसाचा नाही.

सातारकडच्या ट्रेकिंगवाल्या पोरांकडं सुळक्यांवर चढायचे दोर असतात, तेच झाडाला चालतील का असं पुष्कळ जण विचारतात. तो डायनॅमिक दोर. पडणाऱ्या माणसाला झेलण्यासाठी तो ताणला जातो. झाडावर आपण दिवसभर त्याच्यावर लोंबकळत असतो, मग करवत चालवताना वर-खाली झोके बसतात आणि हाताचा नेम जातो. आपला सेमी-स्टॅटिक दोर फार ताणत नाही. पण त्याची दुसरी बाजू नीट ध्यानात घ्या: तो पडणं झेलत नाही. म्हणून ज्या फांदीवरून दोर टाकलाय तिच्या वर चढून ढिला दोर ठेवायचा नाही. दोर कायम डोक्याच्या वर आणि ताठ.

हार्नेसच्या बाबतीत गणपती पेठेत सगळीकडं मिळतो तो पाठीवर कडी असलेला सेफ्टी बेल्ट. इमारतीवर काम करणाऱ्याला तो ठीक, पडला तर झेलेल. पण त्याला लटकून काम करता येत नाही, माणूस पुढं तोंडघशी कलतो. झाडासाठी बसता येईल असा हार्नेस हवा. मांड्यांना रुंद पट्टे, समोर मधोमध कडी आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना एकेक कडी. दुकानात नुसता घालून बघू नका. छताच्या हुकाला अडकवून अर्धा तास बसा. पंधरा मिनिटांत पाय मुंग्यायला लागले तर झाडावर दोन तास काय होईल ते समजा. हेल्मेटला हनुवटीचा घट्ट पट्टा हवा. मान वर करून बघितलं की मागं घसरणारी पिवळी टोपी इथं निरुपयोगी आहे.

कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायच्या झडपेच्या कड्या, तीन हालचालींनी उघडणारे आणि आपोआप बंद होणारेच घ्या. स्क्रूवाला फांदीला घासत घासत उघडतो, मी स्वतः उघडलेला बघितलाय.

चढायच्या आधी बारीक दोरी वर टाकायची. तिच्या टोकाला तीनशे ग्रॅमची छऱ्यांची पिशवी असते. ती दोन पायांच्या मधून झोका देऊन सोडायची, हात डोळ्यासमोर आला की. ज्या बेचक्यातून ती जाईल ती फांदी खोडाजवळ किमान चार इंच जाडीची आणि जिवंत हवी. जिवंत आहे का हे पानांवरून बघा, सालीवरून नाही. चिंचेवर मी डोळे झाकून दोर टाकतो, तिचं लाकूड चिवट आहे. गुलमोहर, शेवगा, पांगारा, जांभूळ यांच्या फांद्या कटकन मोडतात, तिथं बुंध्याला लागून बेचकं मिळालं तरच. वडाच्या पारंब्यांवर कुणी मोह धरू नये. मोठा दोर ओढून घेतला की मी आणि माझा भाचा, दोघं मिळून त्याला जमिनीवरूनच लोंबकळतो. दोघांचं वजन घेतलं तर एकाचं घेईल.

दोर उघड्या सालीवरून नेऊ नका. मोठी आणि छोटी कडी असलेला एक पट्टा मिळतो, तो बेचक्यात बसवून दोर कड्यांमधून न्यायचा. सालही वाचते आणि दोरही. वड-उंबराचा चीक दोराच्या कव्हरात शिरला की गाठ एकदा अडकते, एकदा सुटते, म्हणून तिथं हा पट्टा पाहिजेच.

आता गाठ. नव्या माणसाला मी ब्लेकची गाठ शिकवतो, तिला वेगळी दोरी लागत नाही. दोर बेचक्यातून जाऊन खाली आला की त्याचं टोक हार्नेसच्या समोरच्या कडीला बांधायचं, पण पुढं दोन-अडीच हात शेपूट मोकळी ठेवायची. या शेपटीनं दोराच्या दुसऱ्या पदराला खालून वर चार वेढे द्यायचे. पहिले दोन वेढे अंगठ्यावरून घ्या, पुढचे दोन अंगठा सोडून. मग शेपूट खाली आणा, कडीकडून येणाऱ्या भागाच्या पुढून घ्या, उभ्या दोराच्या मागं न्या आणि अंगठा जिथं आहे तिथून, म्हणजे खालच्या दोन वेढ्यांच्या आतून, बाहेर काढा. अंगठा काढून सगळं आवळा. शेपटीला आठाची गाठ मारा, म्हणजे ती मागं सरकून सुटणार नाही. दुसरा पदर ओढत गाठ वर सरकवली की आपण वर जातो, सोडली की गाठ धरते. उतरताना वरून हलकं दाबायचं.

भाचा पहिल्यांदा खाली आला तेव्हा सर्रकन आला.

"मामा, लई भारी धरती की गाठ."

"हात लाव तिला."

त्यानं लावला आणि झटकला. पोळण्याएवढी तापली होती. दोराचं कव्हर तिथं चकचकीत व्हायला सुरुवात झालेली. मी त्याला तुटलेल्या पिवळ्या दोराचं ते टोक दाखवलं, मी ते अजून डब्यात ठेवलंय. तेव्हापासून तो वीतभर-वीतभर उतरतो.

करवत हातात घ्यायच्या आधी दुसरा आधार घ्या. कमरेच्या दोन कड्यांमधून खोडाभोवती जाणारी आखूड दोरी, म्हणजे लॅनयार्ड, मशीन वापरणार असाल तर आत पोलादी तार असलेली. ताठ असलेला दोर चेनसॉच्या साखळीला लागला तर डोळ्याचं पातं लवायच्या आत तुटतो. तार असली तरी ती कापत नाही असं समजू नका, वेळ मिळतो एवढंच. बुटाला बांधायचे लोखंडी काटे फक्त मुळासकट काढायच्या झाडाला. जगणाऱ्या झाडाला प्रत्येक पावलाला जखम करून वर जाणं मला सहन होत नाही, त्या भोकांतून बुरशी शिरते.

खाली उभा असलेला गडी कोण, हे वर जाणाऱ्यानं ठरवायचं. तो चढता येणारा हवा, त्याच्याकडं दुसरा हार्नेस आणि दुसरा दोर तयार हवा. बेशुद्ध होऊन हार्नेसमध्ये लोंबकळणाऱ्या माणसाकडं फार थोडी मिनिटं असतात. १०८ ला फोन करायचाच, पण ती गाडी झाडावर चढत नाही.

आग्या मोहोळ दिसलं तर त्या दिवशी मशीन सुरू करू नका, आवाजानं आणि हादऱ्यानं माश्या उठतात आणि दोरावरचा माणूस पळू शकत नाही. विजेची तार जवळ असेल तर लाइन बंद झाल्याचं वायरमनकडून समोरासमोर ऐकल्याशिवाय पिशवीसुद्धा टाकू नका. शहरातल्या झाडाला महापालिकेची परवानगी लागते, १९७५ चा कायदा आहे, ती मालकाला आधी काढायला लावा.

कामावरून आल्यावर दोर पूर्ण लांबीनं दोन्ही हातांतून काढा. बोटं बघतात ते डोळ्यांना दिसत नाही. कुठं गाभा मऊ लागतो का, कुठं चपटा, कुठं कव्हर फुगलंय का. मळला तर थंड पाण्यात, साध्या साबणानं धुवा, सावलीत वाळवा. ट्रॅक्टरच्या बॅटरीशेजारी कधी टाकू नका, ॲसिडचा डाग दिसत नाही पण सूत खाऊन टाकतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या घरात आलं तेव्हा दोराची पिशवी खालीच राहिली. पाणी उतरल्यावर मी तो दोर तीनदा धुतला. वरून अगदी नवा दिसत होता. पण वाकवला की आतून पिठासारखी बारीक रेती बाहेर यायची. ती रेती गाभ्यातली सुतं आतल्या आत कापत राहते. तो माझा सगळ्यात महागाचा दोर होता आणि त्याच्यावर मी चौदा महिनेच चढलो होतो. मी त्याचे चार-चार हातांचे तुकडे केले, कुणाला चढायला पुरू नयेत एवढे, आणि शेजारच्या गोठ्यात दिले. पांढऱ्यावर लाल रेघ असलेली ती दावी अजून म्हशींच्या गळ्यात आहेत.