यूकेत नवीन आलात? बिलाआधी मीटरचा नंबर बघा

गणपतीत मंडळात ओळख झालेली नवीन मंडळी नोव्हेंबर संपेपर्यंत एकदा तरी फोन करतातच. "दादा, टू बेडच्या घराला विजेचं बिल महिन्याला १८० पौंड नॉर्मल आहे का हो?" मी विचारतो युनिट किती झाले, तर पलीकडे शांतता. बिलाची पीडीएफ उघडलेलीच नसते. आपली माणसं भारतात महावितरणच्या बिलावरचा मीटरचा फोटो डोळ्याजवळ धरून बघणारी, चालू रीडिंगमधून मागचं वजा करून बघणारी, आणि इथे आली की "साहेबाचा देश आहे, चूक कशी असेल" म्हणून डायरेक्ट डेबिट लावून मोकळी. चूक असते. भरपूर असते. बँक, जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टर, नोकरीला लागणारा एनआय (नॅशनल इन्शुरन्स) नंबर हे सगळं तुम्हाला दहा जण सांगतील, मी फक्त बिलाचं सांगतो.

आधी माझा गाढवपणा. लंडनजवळ स्लाऊला आमचा तळमजल्याचा फ्लॅट, जिन्याखालच्या कपाटात चार मीटर. आम्ही दोघंच, तरी बिल जास्त यायचं. बायको म्हणायची तू आंघोळीला अर्धा तास लावतोस, मी म्हणायचो तुझा ओव्हन. इलेक्ट्रिक शॉवर खरंच खातो, ९ किलोवॅटचा असेल तर दहा मिनिटांत दीड युनिट, त्यामुळे मलाही ते पटलं होतं आणि मी चक्क बादलीने आंघोळ सुरू केली. २०१९ च्या दिवाळीला नाशिकला गेलो, पूर्ण नोव्हेंबर घर बंद, फ्रिज तेवढा चालू. परत येऊन बघतो तर नोव्हेंबरचं बिल ३१० युनिट! एकटा फ्रिज फार तर ३०-३५ खाईल. मग टॉर्च घेऊन कपाटात शिरलो, एकेका मीटरच्या बारकोडखालचा नंबर वाचला, आणि आमच्या बिलावर छापलेला सिरियल नंबर निघाला वरच्या फ्लॅटच्या मीटरचा. वर चौघांचं कुटुंब, कपडे वाळवायचा ड्रायर सकाळ-संध्याकाळ चालू. दोन वर्षांच्या वर आम्ही त्यांची वीज भरत होतो आणि ते आमची. सातशे पौंडांच्या वर रक्कम गेली, परत यायला पुढचा मे उजाडला. आणि मीटर स्मार्ट होता बरं का, रीडिंग आपोआप जायचं. चुकीच्या मीटरचं रीडिंग दर महिन्याला अगदी वेळेवर जायचं.

म्हणून परत परत सांगतो, रीडिंग नंतर, आधी नंबर जुळवा. बिलावर दोन नंबर असतात. एक १३ आकडी एमपॅन, तो तुमच्या जागेच्या वीजजोडणीचा. दुसरा मीटरचा सिरियल नंबर, तो मीटरवर कोरलेला किंवा बारकोडजवळ छापलेला असतो. सिरियल नंबर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. जुळला तरी फ्लॅटमध्ये राहत असाल तर आणखी एक करा: कॉम्प्युटर वगैरे नीट बंद करून घरातला मेन स्विच पाडा आणि कुणाला तरी मीटरसमोर उभं करा. जुन्या मीटरचं चाक थांबलं पाहिजे, डिजिटल असेल तर लाल दिव्याचं लुकलुकणं थांबलं पाहिजे. मेन पाडूनही बिलावरचा मीटर पळतोय म्हणजे दुसऱ्याच कुणाचा तरी भात तुमच्या पैशावर शिजतोय. व्हिक्टोरियन घरांचे तुकडे करून केलेले फ्लॅट असतील तर हे हमखास करा, त्या घरांत कुठली वायर कुठे जाते ते घरमालकालाही माहीत नसतं.

चावी हातात आली की पेढे नंतर वाटा, आधी वीज आणि गॅस दोन्ही मीटरचे फोटो काढा, नंबर आणि आकडा दोन्ही दिसले पाहिजेत, आणि त्याच दिवशी कंपनीला कळवा. नाहीतर आधीच्या भाडेकरूचे युनिट तुमच्या गळ्यात. "द ऑक्युपायर" नावाने पत्र आलं तर ते तुम्हीच, जाहिरात समजून फेकू नका. सोडतानाही फोटो.

आता बिल उघडा. रीडिंगच्या शेजारी एस्टिमेटेड किंवा नुसतं ई असेल तर तो अंदाज आहे, स्वतःचं रीडिंग टाका आणि नवीन बिल मागा. टाकताना लाल चौकटीतले किंवा पॉइंटनंतरचे आकडे सोडून द्या, एका पोराने ते पण टाकले आणि त्याला दहापट बिल आलं. इकॉनॉमी ७ असेल, म्हणजे रात्रीचे सात तास स्वस्त, तर दिवस-रात्रीचे आकडे उलटे लागलेत का बघा: रात्री उठून कुठला आकडा पळतो ते पाहिलं की कळतं. व्हॅट घराला ५ टक्के, २० लावला असेल तर तुम्हाला धंदेवाईक धरलंय. २०२५ मध्ये विजेचा युनिट साधारण २५ ते २७ पेन्स होता आणि स्टँडिंग चार्ज, म्हणजे जोडणीचा ठरावीक आकार, रोजचे ५० पेन्सच्या वर, तो घर बंद असलं तरी लागतो, त्यावरून भांडू नका. आपल्यासारखे स्लॅब इथे नाहीत. आणि ऑफजेमची, म्हणजे वीज-गॅस कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी नियामकाची, प्राइस कॅप म्हणजे बिलाला कमाल मर्यादा असं सांगणारे महाभाग भेटतील. ती मर्यादा दराला आहे, दर तीन महिन्यांनी बदलते, जास्त जाळाल तर जास्त भराल.

गॅसचं एक वेगळंच झेंगट. मीटर मोजतो आकारमान आणि बिल येतं किलोवॅट-अवरमध्ये. नवीन मीटर घनमीटरचा, त्याचा एक युनिट म्हणजे साधारण ११ किलोवॅट-अवर. जुना घनफुटाचा असेल तर त्याला आणखी २.८३ ने गुणतात, म्हणजे ३१-३२. मीटर बदलला आणि कंपनीच्या सिस्टीममध्ये जुनाच राहिला तर बिल जवळपास तिप्पट. मीटरवर एम आणि वर ३ लिहिलंय का एफटी ३, तेवढं बघा.

चूक सापडली तर फोनवर अर्धा तास गाणी ऐकत बसू नका. आपल्याकडे सेक्शन ऑफिसात जाऊन साहेबाच्या टेबलासमोर उभं राहिलं की काहीतरी हलतं, इथे खिडकीच नाही. ईमेल करा, फोटो जोडा, आणि "फॉर्मल कंप्लेंट" हे दोन शब्द लिहा. गोरा माणूस आवाज चढवला की बंद होतो, पण कंप्लेंट शब्दाला घाबरतो. तिथपासून आठ आठवडे मोजा, सुटलं नाही तर एनर्जी ओंबड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे जा, फुकट आहे. मी नुसतं "जातो" म्हणालो तेव्हा कुठे आमच्या फाईलीवरची धूळ झटकली गेली. आणि कंपनीच्याच चुकीने बिल राहिलं असेल तर १२ महिन्यांपूर्वीच्या वापराचे पैसे ती मागू शकत नाही, २०१८ पासूनचा नियम आहे. आमच्या वरच्यांना याचाच फायदा झाला, एकाच वर्षाचा फरक भरावा लागला, तरी रुसले आमच्यावरच, अजून जिन्यात दिसले की फोन कानाला लावतात.

आणि हो, मीटरच्या कपाटाला कुलूप असतं, त्याची प्लास्टिकची तिकोनी चावी एजंटकडे मागा. तो हरवली म्हणेल. कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते.