उतारशाळेतला गोठा: देखावा मांडण्याआधी

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात मरिया आणि योसेफला उतारशाळेत जागा मिळत नाही, म्हणून बाळ येशूला गव्हाणीत निजवावं लागतं. नाताळच्या देखाव्यात तोच गोठा आपण पंचतारांकित हॉटेलच्या लॉबीत मांडणार आहोत, हे पहिल्या दिवसापासून डोक्यात असू द्या. म्हणजे सोनेरी चमकी आणि झुंबराखालची जागा दोन्ही आपोआप बाद होतात.

जागा निवडताना फिरतं दार आणि सामानाच्या ट्रॉल्यांची वाट टाळा. एसीचा झोत थेट अंगावर आला तर देखाव्यातलं शेवाळ वाळून पिवळं पडतं. चौथरा लहान मुलाला उभ्यानं गव्हाणीत डोकावता येईल एवढाच उंच ठेवा. पेंढा कोरडा, किडा न लागलेला घ्या आणि त्यावर अग्निरोधक फवारून घ्या. मेणबत्ती नकोच, २७०० केल्व्हिनच्या आसपासचे पिवळसर एलईडी पुरतात. त्यातला एक गव्हाणीच्या आत पेंढ्याखाली लपवून बघा: उजेड खालून मरियेच्या चेहऱ्यावर येतो आणि हातानं कोरलेल्या पापण्यांची सावलीसुद्धा दिसते.

मूर्तींचे खोके स्वतः उघडा. अठराव्या शतकातल्या इटलीतल्या नेपल्सच्या धाटणीच्या मूर्ती असतील तर डोकं भाजलेल्या मातीचं, डोळे काचेचे आणि धड तारेवर ताग गुंडाळून केलेलं असतं. धड हवं तसं वाकतं, पण बोटं टिचतात. म्हणून मूर्ती कमरेला धरूनच उचला. मोठ्या मूर्ती पुढे, लहान मागे, म्हणजे देखाव्यातला मागचा डोंगर खराच लांब वाटतो. बैल आणि गाढव मात्र गव्हाणीला खेटून हवेत. जन्मकथेत त्यांचा उल्लेख नाही, पण असिसीच्या संत फ्रान्सिसनं १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावी गव्हाण मांडली तेव्हा हे दोघे तिथं खरेखुरे उभे होते. मूर्ती कमी पडल्या तर मेंढपाळ कमी करा, यांना हात लावू नका.

देखावा आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळाच्या, पहिल्या रविवारी खुला होत असेल तर गव्हाण रिकामी ठेवा. बाळ २४ डिसेंबरच्या रात्रीच येतं. ते कुठल्या कपाटात आहे आणि किल्ली कुणाकडे आहे, हे फ्रंट डेस्कच्या वहीत ठळक लिहा. एका वर्षी आमच्या देखाव्यात किल्लीवाला ड्यूटी संपवून घरी गेला आणि मध्यरात्री जमलेली मुलं रिकाम्या पेंढ्याकडे बघत राहिली. ते चेहरे मी विसरलेलो नाही.

बाळाच्या दर्शनाला दुरून येणारे तीन ज्ञानी पुरुष लॉबीच्या दुसऱ्या टोकाला उभे करा आणि रोज थोडे पुढे सरकवा. ६ जानेवारीला ते पोचले पाहिजेत. हे काम एकाच माणसाकडे द्या.

कारागिराच्या नावाची पाटी हॉटेलच्या नावापेक्षा लहान नको. आवरताना एखादं बोट तुटलेलं सापडलंच तर ते पाकिटात घालून त्याच मूर्तीच्या खोक्यात ठेवा, वर हात डावा की उजवा ते लिहून.