पाण्यावरची चकाकी कापणारी नळी : जुन्या मॉनिटरच्या फिल्मपासून

आपल्याकडे समुद्र पश्चिमेला, म्हणजे दुपार कलली की ऊन समोरून येतं आणि पाणी नुसतं चकचकतं, खाली कातळ आहे का वाळू आहे का तिसऱ्या (शिंपले) आहेत काही म्हणजे काही कळत नाही. त्यावर एक साधी नळी बनवता येते, पण बनवायच्या आधी डिझाइन करायची, कारण फिल्म आणली आणि लावली असं केलं तर अर्ध्या वेळा ती चालते आणि का चालली ते कळत नाही.

पहिला प्रश्न एकच : फोटॉनची, म्हणजे प्रकाशाच्या कणाची, कुठली गोष्ट धरायची? प्रकाशाला पकडायला तीन जागा असतात, त्याची ऊर्जा म्हणजे रंग, त्याची दिशा, आणि त्याचं पोलरायझेशन, म्हणजे त्याची लहर आडवी थरथरते का उभी ते. रंगाने चकाकी वेगळी करता येत नाही, कारण उन्हाचाच रंग तिचा. दिशेनेही नाही, तळाकडून येणारा प्रकाश आणि वर आपटून येणारा प्रकाश एकाच रेषेत डोळ्यात येतो. राहिलं पोलरायझेशन. पाण्यावर तिरकं आपटून आलेला प्रकाश बराचसा आडवा पोलराइझ झालेला असतो आणि तळाकडून येणारा तसा नसतो, हा फरक आपल्याला फुकटात मिळतो, तो वापरायचा. मॉनिटरची फिल्म एकाच दिशेने थरथरणारा प्रकाश पार सोडते, ती उभी धरली की आडवी चकाकी अडते.

आणि हे काही नवीन नाही. 1808 मध्ये मालुस नावाच्या फ्रेंच माणसाने पॅरिसमधल्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परतलेलं ऊन एका स्फटिकातून बघितलं आणि स्फटिक फिरवल्यावर त्यातली प्रतिमा मंद होते हे त्याच्या लक्षात आलं. आपल्या सी. व्ही. रामन यांनी तर 1921 मध्ये एस. एस. नारकुंडा जहाजाने मुंबईला परत येताना निकोल प्रिझम (एकाच दिशेचं पोलरायझेशन पार सोडणारा स्फटिक) डोळ्याला लावून समुद्रावरची चकाकी मारली आणि खालचा निळा रंग पाण्याचा स्वतःचा आहे, नुसतं आकाशाचं प्रतिबिंब नाही, हे दाखवलं. आपली नळी म्हणजे त्याच कामाची गरीब आवृत्ती.

आता कोन. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे पाणी प्रकाशाला किती वाकवतं त्याचा आकडा, साधारण 1.33, आणि ज्या कोनावर चकाकी जवळजवळ पूर्ण पोलराइझ होते त्याचा टॅन तेवढाच असतो, कोन निघतो 53 अंश, सरळ खाली सोडलेल्या ओळंब्यापासून मोजलेला. गणित आवडत नसेल तर एवढंच लक्षात ठेवा की पाण्यापासून डोळा जेवढा उंच, त्याच्या 1.33 पट लांब बघायचं. ओहोटीला कातळावर उभे असाल आणि डोळे पाण्याच्या दीड मीटर वर असतील तर 2 मीटरवरचा डबरा बघा, धक्क्यावरून साडेचार मीटर उंची असेल तर 6 मीटरवर. पायाजवळ बघून नळी चालत नाही म्हणणारे बरेच भेटतात, तिथे पोलरायझेशनच नसतं तर नळी बिचारी काय करणार.

सामान : बंद पडलेल्या एलसीडी मॉनिटरची फिल्म, दीड इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा, त्यावर सैल फिरणारी दोन एंड कॅप, काळा कार्डपेपर. मॉनिटर उघडताना प्लग काढून बराच वेळ तसाच ठेवा, आणि जुन्यात मागे बारीक ट्यूब असतात त्या फोडू नका, आत पारा असतो. फिल्म काचेच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेली असते. पुढची बऱ्याचदा खरखरीत, मॅट असते, ती लावली की सगळं धुकट दिसतं, म्हणून मागची घ्या. कोपऱ्यापासून हेअर ड्रायरने गरम करत सावकाश सोलायची, घाई केली की कडेला पांढऱ्या रेघा पडतात.

दोन्ही कॅपना मधोमध भोक पाडून फिल्मचे गोल तुकडे बसवा, नळीच्या आतून काळा कागद लावा नाहीतर आतली भिंतच चमकते. कॅपच्या कडेवर कंपासपेटीतल्या कोनमापकाने खुणा करा. फिल्मची दिशा शोधायला मोबाइलची स्क्रीन वापरू नका, बऱ्याच फोनमध्ये ती तिरकी असते. त्यापेक्षा ओल्या फरशीवरची चकाकी बघा, जिथे ती सगळ्यात मरते तिथे फिल्मची दिशा उभी, तिथे रेघ मारा.

दोन फिल्म कशाला, एक पुरे की! चकाकीसाठी पुढची एकच पुरते, हो. पण दुसरी लावली की हातात प्रकाशाचा नळ येतो, फिरवा आणि कमी-जास्त करा. दोन्ही सरळ रेषेत असताना जेवढा प्रकाश येतो त्याला शंभर धरलं तर 30 अंशांवर 75, 45 वर 50, 60 वर 25 आणि 90 वर जवळपास शून्य, म्हणजे कोनाच्या कोसाइनचा वर्ग. एकेक फोटॉन बघितला तर तो अर्धा वगैरे होत नाही, एक तर अख्खा पार जातो नाहीतर अडकतो, 75 म्हणजे शंभरातले साधारण 75 गेले.

हे फोनच्या लक्स अॅपवर (उजेड मोजणारं अॅप) तपासून घ्या, बल्ब, नळी, फोन असं अंधाऱ्या खोलीत ठेवून. इथे एक गंमत आहे, काही फोनचा सेन्सर स्क्रीनखाली असतो आणि तिथे स्क्रीनची स्वतःची फिल्म असते, मग आकडे भलतेच येतात, म्हणून फोनजवळची कॅप हलवायची नाही, बल्बकडची फिरवायची. 90 वर शून्याच्या जवळ येत नसेल तर कॅपच्या फटीतून उजेड शिरतोय.

आता दोन्ही आडव्या-उभ्या लावून अंधार करा आणि मध्ये साध्या पारदर्शक सेलोटेपचे दोन-तीन थर दिलेली काच सरकवा, टेपची दिशा 45 अंश. रंग दिसतील! टेप पोलरायझेशन वळवते आणि किती वळवते ते रंगावर ठरतं, शेवटची फिल्म 90 अंश फिरवली की उलटे रंग येतात. थर वाढवून हवा तो रंग निवडता येतो, म्हणजे शाई न वापरता फिल्टर झाला.

एक गोष्ट मात्र कडक सांगतो : अंधार दिसला म्हणून ह्या नळीतून सूर्याकडे बघायचं नाही. अशा फिल्म दिसणाऱ्या प्रकाशासाठी असतात, इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणारा प्रकाश, त्यातून सरळ जातो. टीव्हीचा रिमोट नळीसमोर दाबा आणि फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बघा, बहुतेक फोनमध्ये दिवा लुकलुकताना दिसेल. त्याच्या फोटॉनची ऊर्जा साधारण 1.3 इलेक्ट्रॉन व्होल्ट (ऊर्जेचं छोटं माप), हिरव्याची 2.3, आपलं सगळं डिझाइन हिरव्याच्या आसपासचं आहे.

वापरायची वेळ सूर्य क्षितिजापासून 37 अंश (90 वजा 53) वर असतानाची, आपल्याकडे मोसमाप्रमाणे दुपारी तीन ते सव्वाचार. खाडीत पूर्वेकडे तोंड असेल तर सकाळी नऊ ते सव्वादहा. लाटा असतील तर प्रत्येक लाटेचा उतार वेगळा, तेव्हा थोडी चकाकी उरणारच, वारा पडलेला दिवस बघा. मालवणात धक्क्यावर एका तांडेलाच्या (होडीच्या म्होरक्याच्या) हातात नळी दिली तर त्याने ती डोळ्याला लावून दोनदा फिरवली आणि म्हणाला, "अरे मेल्या, हेच्यात तर तळ दिसता!" आणि परत द्यायला तयार होईना.

फिल्मला दमट हवा सोसत नाही, कडेने रंग उडत जातो. कडांना पारदर्शक नेलपॉलिश लावा, खारं पाणी उडालं तर गोड्या पाण्याने ओल्या केलेल्या मऊ कपड्याने टिपा, घासू नका, आणि पावसाळ्यात नळी घट्ट झाकणाच्या डब्यात बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा.