वारुळावरची अळंबी: ओळखताना आणि काढताना या चुका टाळा

पावसाळ्यात वारुळाजवळ उगवणारी अळंबी, गोव्यातली रोण ओळमी, ही टर्मिटोमायसिस नावाच्या बुरशीची फळं आहेत. खरी बुरशी जमिनीखाली वाळवीच्या घरात नांदते. सुका पाला आणि लाकूड खाऊन वाळवी विष्ठेच्या गोळ्यांची सच्छिद्र पोळी रचते. बुरशी तिच्यातला चिवट भाग कुजवते आणि वाळवी ती कुजलेली पोळी व तिच्यावरचे पांढरे दाणे खाते. लोक फक्त जमिनीवरचं छत्र पाहतात आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

सर्वांत घातक चूक म्हणजे ओळख पटण्याआधीच दांडा मातीलगत कापणं. या अळंबीचा दांडा मातीत संपत नाही. मुळासारखा निमुळता होत तो थेट पोळीपर्यंत, कधी हातभर खोल जातो. अमानिटा या विषारी अळंबीचा दांडा मात्र बुडाशी फुगीर असतो आणि भोवती पिशवीसारखं आवरण असतं. वरून कापलंत तर हीच खूण मातीत राहते. एकाच अळंबीभोवतीची माती बोटांनी सुमारे १० सेंमी मोकळी करून पाहा. पिशवी दिसली तर त्या जागेची एकही अळंबी घेऊ नका. टर्मिटोमायसिस मायक्रोकार्पस ही इवलीशी जात याला अपवाद आहे. वाळवीने बाहेर टाकलेल्या पोळीच्या चुऱ्यावर ती शेकड्यांनी उगवते आणि तिला असं लांब मूळ नसतं.

छत्राच्या मधलं टोक, उमलताना फाटणाऱ्या कडा, दांड्याला न चिकटलेले दाट कल्ले (छत्राखालच्या पातळ पाकळ्या) या खुणा उपयोगी आहेत, पण एकेकट्या पुरेशा नाहीत. दांड्यावरच्या कड्यावरून तर काहीच ठरवू नका. टर्मिटोमायसिस हायमाय या जातीला कडं असतं आणि गवतात उगवणाऱ्या क्लोरोफायलम या विषारी अळंबीलाही असतं. क्लोरोफायलमचे कोवळे कल्लेही पांढरेच असतात.

म्हणून बीजाणूंचा, म्हणजे कल्ल्यांतून पडणाऱ्या बियांसारख्या सूक्ष्म कणांचा, ठसा घ्या. उमललेल्या छत्राचा दांडा काढा, कल्ले खाली करून अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर ठेवा, वर वाटी पालथी घाला आणि रात्रभर हलवू नका. ठसा गुलाबीसर आला तर पुढची तपासणी करा. हिरवट ठसा क्लोरोफायलमचा, पांढरा ठसा अमानिटाचा असू शकतो; दोन्ही टाकून द्या. एंटोलोमा या दुसऱ्या अळंबीचा ठसाही गुलाबी येतो आणि त्यातल्या काही जाती विषारी आहेत, पण त्यांचे कल्ले सहसा दांड्याला चिकटलेले असतात. कळीचा ठसा उमटतच नाही, त्यामुळे अनोळखी जागेवरच्या नुसत्या कळ्या घेऊ नका.

चांदीचं नाणं काळं पडतं का, लसूण रंग बदलते का, किड्यांनी खाल्लंय का, या परीक्षा निखालस खोट्या आहेत. अमानिटाच्या काही जातींतलं विष शिजवून जात नाही आणि त्रास ६ ते २४ तासांनी सुरू होतो. पहिल्या उलट्या-जुलाबांनंतर बरं वाटलं तरी यकृताचं नुकसान चालू असू शकतं. उरलेली अळंबी घेऊन लगेच रुग्णालय गाठा.

ओळख पटली की खोदणं थांबवा. मूळ उपसायला गेलात तर पोळी आणि वाळवीची दालनं फुटतात. दांडा मातीलगत अलगद मोडून घ्या. सगळ्या कळ्या काढून नेणं हीदेखील चूकच आहे. बहुतेक जातींत नव्या वसाहतीची कामकरी वाळवी बाहेरून बीजाणू आणते, आणि ते उमललेल्या छत्रांतूनच पडतात. निदान काही छत्रं पूर्ण उमलू द्या. अभयारण्यातून तर काहीच उचलू नका.

नेहमीच्या जागी यंदा अळंबी आली नाही तर आधी वारूळ जिवंत आहे का ते पाहा. वरची थोडीशी माती फुटली असेल तर जिवंत वसाहत ती लवकरच बुजवते. वारुळातून बोटांसारखी काळी बुरशी वर आली असेल तर ती बहुधा झायलारिया असते. वाळवी असेपर्यंत ती दबून राहते, वसाहत संपली की सोडून दिलेल्या पोळीवर वाढते. अशा वारुळावर पुढच्या वर्षी वाट पाहण्यात अर्थ नाही.